कॉर्व्हेअरचा पाटा : उशिरा आलेल्या एका सुधारणेचा इतिहास

१/ जुन्या मोटारींचे शौकीन आजही एका अमेरिकन गाडीच्या मागच्या चाकांखाली एक आडवा पोलादी पाटा बसवून घेतात. गाडीचे नाव शेव्हरोले कॉर्व्हेअर. पाटा साधा, किंमतही फारशी नाही. परंतु हा पाटा कारखान्यातूनच का आला नाही, या प्रश्नाने १९६० च्या दशकात अमेरिकेचे वाहनकायदे बदलून टाकले.

२/ १९५९ च्या शरदात कॉर्व्हेअर बाजारात आली. अमेरिकेत तेव्हा लांबलचक, जडशीळ गाड्यांचे राज्य होते. मात्र जर्मनीची छोटी फोक्सवॅगन बीटल हळूहळू ग्राहक ओढू लागली होती. शेव्हरोलेचे प्रमुख एड कोल यांनी तिला धाडसी उत्तर दिले : इंजिन मागे, सहा सिलिंडरचे, ॲल्युमिनियमचे आणि हवेने थंड होणारे. डेट्रॉइटच्या मानाने ही क्रांतीच होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर कोल झळकले.

३/ मागच्या चाकांसाठी निवडलेली रचना मात्र नवी नव्हती. तिला 'स्विंग ॲक्सल' म्हणतात. ऑस्ट्रियन अभियंता एडमंड रुम्प्लर यांनी १९०३ मध्येच तिचे पेटंट घेतले होते. तिच्यात आस मधोमध दोन भागांत विभागलेला असतो. प्रत्येक अर्धा आस गिअरबॉक्सपाशी बिजागरीसारखा वरखाली हलतो. चाक मात्र त्या आसाला काटकोनात पक्के जखडलेले असते.

४/ खडबडीत रस्त्यावर ही रचना आरामदायी ठरते, कारण एका चाकाचा धक्का दुसऱ्यापर्यंत पोहोचत नाही. पण आस वरखाली झाला की चाकही कलते, आणि दोष नेमका इथेच आहे. वेगात तीव्र वळण घेताना गाडीचा मागचा भाग वर उचलला जातो, आस खाली झुकतात आणि बाहेरच्या बाजूचे चाक गाडीखाली दुमडू पाहते. टायरची रस्त्यावरील पकड एकाएकी सुटते. मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि क्वचित गाडी उलटतेही.

५/ कॉर्व्हेअरमध्ये गाडीचे ६० टक्क्यांहून अधिक वजन मागच्या चाकांवर होते, त्यामुळे हा धोका वाढला. कंपनीने त्यावर शोधलेला उपाय होता टायरमधील हवा : थंड असताना पुढे १५ पौंड, मागे २६ पौंड. पुढची पकड मुद्दाम कमी ठेवायची, म्हणजे मागची आधी सुटणार नाही. तर्क बरोबर होता. पण चारही चाकांत सारखी हवा भरण्याची सवय असलेल्या चालकाच्या हाती त्याने गाडीचा तोल सोपवला होता. गाडीचा कल आवरणारा पुढचा अँटी-रोल बारही मूळ गाडीत दिलेला नव्हता.

६/ दुखणे ओळखीचे होते, तसे औषधही. मर्सिडीझने १९५० च्या दशकातच बिजागरीचा बिंदू खाली आणून आपली स्विंग ॲक्सल सुधारली होती. कॅलिफोर्नियातील एम्पी ही सुट्या भागांची कंपनी कॉर्व्हेअरसाठी 'कँबर कॉम्पेन्सेटर' विकू लागली. गिअरबॉक्सखाली मध्यभागी टेकलेला हा आडवा पाटा दोन्ही टोकांनी आसांना खालून आधार देतो. एक चाक वर आणि दुसरे खाली गेले तर तो नुसता डोलतो. पण दोन्ही आस एकाच वेळी खाली झुकू लागले की त्यांना अडवतो. चाक दुमडण्याची सुरुवातच तिथे रोखली जाते.

७/ १९६२ साली शेव्हरोलेनेही सुधारित सस्पेन्शनचा संच देऊ केला, पण तो ऐच्छिक होता आणि त्याचे पैसे वेगळे होते. ज्याला धोका ठाऊक होता, तोच तो मागणार. ज्याला ठाऊक नव्हता, त्याची गाडी तशीच राहिली. आणि अशा गाड्या थोड्याथोडक्या नव्हत्या : १९६० ते १९६३ या काळात दहा लाखांहून अधिक कॉर्व्हेअर तयार झाल्या.

८/ १९६१ च्या अखेरीस बंकी नुडसेन शेव्हरोलेचे प्रमुख झाले. जनरल मोटर्सचे माजी अधिकारी जॉन डिलोरियन यांच्या आठवणींनुसार, नुडसेन यांनी दुरुस्तीची परवानगी मागितली तेव्हा वरिष्ठांनी ती खर्चाचे कारण देऊन नाकारली. खर्च होता गाडीमागे सुमारे १५ डॉलर. नुडसेन यांनी राजीनाम्याची भाषा केली, तेव्हा कुठे संमती मिळाली.

९/ १९६४ च्या गाडीत आडवा पाटा आणि पुढचा अँटी-रोल बार दोन्ही मूळ रचनेतच आले. १९६५ मध्ये स्विंग ॲक्सल कायमची गेली. नव्या गाडीत प्रत्येक अर्ध्या आसाला दोन्ही टोकांना सांधे होते, त्यामुळे चाक वरखाली होतानाही बरेचसे उभे राहत असे. अभियांत्रिकीचा प्रश्न सुटला. रस्त्यावर आधीच धावणाऱ्या लाखो गाड्यांचा प्रश्न मात्र तसाच उरला.

१०/ नोव्हेंबर १९६५ मध्ये राल्फ नेडर या तरुण वकिलाचे 'अनसेफ ॲट एनी स्पीड' प्रसिद्ध झाले. पहिलेच प्रकरण कॉर्व्हेअरवर होते. कंपनीविरुद्ध तोवर शंभराहून अधिक दावे दाखल झालेले होते. कंपनीने नेडर यांच्यामागे खासगी गुप्तहेर लावले. ते उघड झाले आणि मार्च १९६६ मध्ये अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या उपसमितीपुढे जाहीर माफी मागावी लागली.

११/ ९ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी राष्ट्रीय वाहतूक व मोटारवाहन सुरक्षा कायद्यावर स्वाक्षरी केली. वाहनांच्या सुरक्षेचे मानदंड ठरवण्याचा अधिकार आता केंद्र सरकारकडे आला. कॉर्व्हेअरचे उत्पादन मे १९६९ मध्ये थांबले.

१२/ पण कथेला आणखी एक वळण आहे. १९७२ मध्ये सरकारच्याच वाहतूक सुरक्षा संस्थेने आपल्या चाचण्यांचा अहवाल दिला : १९६० ते ६३ ची कॉर्व्हेअर त्या काळच्या तुलनीय गाड्यांपेक्षा अधिक धोकादायक नव्हती. तिचे चाहते हा अहवाल आजही अभिमानाने पुढे करतात. टीकाकारांच्या मते मात्र, इतर गाड्याही तितक्याच वाईट होत्या, एवढेच त्यातून सिद्ध होते.

१३/ वाद मिटलेला नाही. तरीही जुन्या कॉर्व्हेअरचा जाणता मालक अहवालावर विसंबून न राहता आडवा पाटा बसवतो, पुढे अँटी-रोल बार लावतो आणि हवेचा दाब स्वतः तपासतो. १९६० साली ही दक्षता कोणी घ्यावी, निर्मात्याने की चालकाने, याचे उत्तर धूसर होते. ते स्पष्ट व्हायला पुढची सहा वर्षे लागली. पाट्याचे तंत्र मात्र त्याआधीच हाताशी होते.