घरातले घड्याळ आणि गिरणीचा भोंगा

वेळेचा इतिहास आपल्याकडे शोधांचा इतिहास म्हणून शिकवला जातो. लंबकाचे घड्याळ कोणी केले, रेल्वेने देश एका वेळेत कसा बांधला, एवढे सांगून धडा संपतो. चुकलेल्या वेळेची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न त्यात येत नाही. ज्यांच्या घरात धड चालणारे घड्याळ नव्हते, त्यांच्या बाजूने हा इतिहास वाचला पाहिजे.

गावगाड्यात महाराच्या घरी घड्याळ नव्हते. पण गावाची वेळ तोच सांभाळत होता. रात्री वेस लावणे आणि पहाटे उघडणे हे वेसकराचे काम. त्याच्या स्वतःच्या वेळेचा धनी मात्र दुसराच होता. १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडताना बाबासाहेबांनी नेमके यावर बोट ठेवले. या चाकरीला तास नाहीत, दिवसरात्र केव्हाही बोलावणे येते आणि वतनदार हजर नसेल तर त्याच्या घरातल्या माणसाला जावे लागते, हे त्यांनी सभागृहाला सांगितले. मराठे-पेशव्यांच्या काळात पुण्यात सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी तीननंतर महार-मांगांना वेशीच्या आत मज्जाव होता, कारण त्या वेळी सावल्या लांब पडतात, अशी नोंद गो. स. घुर्ये यांनी केली आहे. म्हणजे आपली सावली हेच दुसऱ्यांचे घड्याळ होते!

मुंबईला आलेला माणूस वतनातून सुटला आणि भोंग्याच्या ताब्यात गेला. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने गिरणी कामगारांनी मागण्या केल्या. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंत. यातली शेवटची मागणी नीट पाहावी. कामाची सुरुवात घड्याळाने आणि शेवट सूर्याने! मला यात मोठे शहाणपण दिसते. घड्याळ मालकाचे होते; सूर्य मात्र कोणा मालकाला मागे सारता येत नव्हता. रविवारची सुटी १८९० साली मिळाली.

पुढे सरकारनेच घड्याळ हलवले. १ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ लागू झाली. ती जुन्या मुंबई वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे होती. काट्यावरचा आकडा तोच राहिला, तरी कामगाराला ३९ मिनिटे आधी, अंधारातच उठणे आले. त्याच महिन्यात जेकब ससून गिरणीच्या कामगारांनी दगडफेक केली. शहरातल्या प्रतिष्ठितांनीही या वेळेला विरोध केला होता. मुंबई महापालिकेने तर १९५५ पर्यंत जुनी मुंबई वेळ सोडली नाही. एकाच शहरात अर्धे शतक दोन वेळा नांदल्या. पण प्रतिष्ठितांचा विरोध हा बाणा ठरला आणि कामगारांचा विरोध दंगल ठरली.

अशा शहरात चाळीतल्या खोलीत भिंतीवर घड्याळ आले, ते बहुधा जुने, कोणीतरी वापरून टाकलेले. खिळा जरा कलला की त्याची टिकटिक लंगडी होते आणि लंबक थांबतो. तेल सुकले, स्प्रिंग मऊ पडली की ते मागे पडते. माझे आजोबा रिंग खात्यात होते. त्यांचे घड्याळ मागे पडायचे म्हणून ते पंधरा मिनिटे पुढे लावलेले असे आणि भोंगा झाला की आजी काटे जुळवून घेई. घरातल्या सर्वांना त्याची खोड ठाऊक होती. पण खोड ठाऊक असणे म्हणजे भरवसा असणे नव्हे. पहाटेच्या पाळीला उशीर झाला तर खाडा; आणि बदली कामगार वेळेवर दरवाजाशी नसेल तर त्याचे काम दुसऱ्याला. घड्याळावर भरवसा नसला की घरातली बाई जागी राहते. ती झोप कोणत्याही हजेरीपटावर लिहिलेली नाही.

भोंगा सर्वांना सारखाच होता, असे काही मित्र म्हणतात. तो सारखा नव्हता. तुटलेला धागा जोडताना तोंडाला लावावा लागतो, या सबबीखाली अस्पृश्यांना विणकाम खात्याची दारे बंद होती. जास्त मजुरी त्याच खात्यात होती. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उघडपणे मांडला. दोघे एकाच भोंग्याला उठत, पण एकाच्या तासाचे मोल जातीने आधीच कमी केलेले होते. त्याच्या घरातले घड्याळ जुने का, याचे उत्तर इथे आहे.

म्हणूनच १९४६ चा कारखाना दुरुस्ती कायदा मला महत्त्वाचा वाटतो. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी त्याचे विधेयक आणले आणि बारमाही कारखान्यांतले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. ज्याच्या बापजाद्यांच्या चाकरीला तासच नव्हते, त्याने देशाच्या कामाचे तास ठरवले. महार वतने कायद्याने रद्द व्हायला मात्र १९५८ साल उजाडावे लागले.

जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला आणि भोंगे एकेक करून मुके झाले. पण दुसऱ्याचे घड्याळ गेले नाही. नागपूर, चंदीगड अशा शहरांत सफाई कामगारांच्या मनगटावर, ते कोठे आणि किती वेळ आहेत हे कळवणारी घड्याळे बांधली गेली. ते यंत्र बिघडले तरी पगार आमचाच कापला जातो, अशा तक्रारी कामगारांनी केल्या. घरातले घड्याळ चुकले तेव्हा दंड आपण भरला. मालकाचे चुकते तेव्हाही आपणच भरतो.

तेव्हा घड्याळ बरोबर आहे की नाही, एवढेच विचारून भागणार नाही. ते चुकले तर भरपाई कोण करणार, हे आपल्या संघटनांनी करारात लिहून घेतले पाहिजे.