शिकेकाईची जन्मतारीख



आज संशोधनप्रश्न कसा सापडतो याबद्दल लिहितेय. पण सुरुवात माझ्या तोंडापासून करावी लागेल.

दोन वर्षांपूर्वी फेलोशिप सहा महिने रखडली होती. खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे देऊन हातात फारसं काही उरायचं नाही. मग मी ठरवलं, शाम्पू, फेसवॉश, क्रीम सगळं बंद. 'पूर्वी कुठे होतं हे सगळं? बायका घरचंच वापरायच्या ना!' असं म्हणत मी केसांना खायचा सोडा आणि चेहऱ्याला लिंबाचा रस लावायला लागले. एके दिवशी लिंबू लावलं, तोंडावर नुसतं पाणी मारलं आणि तशीच मुलाखती घ्यायला एका गावात गेले. दुपारभर उन्हात फिरले. दोन दिवसांनी गालापासून मानेपर्यंत, जिथून रस ओघळला होता तिथे, तपकिरी पट्टे उमटले. ते जायला तीन महिने लागले.

त्वचारोगतज्ज्ञ म्हणाल्या, लिंबाच्या रसात आणि सालीत सोरालेन जातीची द्रव्यं असतात. ती अंगावर राहिली आणि ऊन लागलं की त्वचा भाजते. एम.एस्सी. रसायनशास्त्रात केलेली मी मान खाली घालून ऐकत होते.

घरी गेल्यावर आजीने पाहिलं आणि म्हणाली, "लिंबू? तोंडाला? अगं, आम्ही लिंबाचं लोणचं घालायचो!"

तिथे माझा प्रश्न सुरू झाला. मी ज्या परंपरेकडे 'परत' गेले होते, ती नक्की कुणाची होती?

पहिली पायरी: वाक्य फोडा

'पूर्वी सगळं नैसर्गिक, घरगुती आणि पारंपरिक होतं.' या एका वाक्यात तीन वेगवेगळे दावे आहेत आणि आपण ते एकच समजतो. लिंबू नैसर्गिक आहे, पण आमच्या घरात तोंडाला लावायची परंपरा नाही. खायचा सोडा स्वयंपाकघरात असतो, पण तयार होतो कारखान्यात. शिकेकाई पारंपरिक आहे, पण दुकानातून आणलेली तिची पूड 'घरगुती' म्हणायची का? संशोधनात आधी हे शब्द सुटे करा. मगच प्रत्येकाला पुरावा मागता येतो.

दुसरी पायरी: जुना पुरावा वाचा, पण तो कुणाचा ते विचारा

वराहमिहिराची 'बृहत्संहिता' सहाव्या शतकातली. तिच्यात गंधयुक्तीचा एक अध्याय आहे आणि त्यात केस काळे करायची कृती दिली आहे. कोद्रूचे दाणे लोखंडी भांड्यात आंबट द्रवात शिजवायचे, लोहचूर्णासोबत वाटून डोक्याला लावायचे आणि वरून पानं बांधायची. धुऊन झाल्यावर आवळा लावायचा. आता रसायनशास्त्राचा चष्मा लावा. आंबट द्रवात लोखंड थोडं विरघळतं. आवळ्यातलं टॅनिन त्या लोहाशी संयोग पावलं की काळपट रंग तयार होतो. आज आपली मावशी मेंदी लोखंडी कढईत भिजवून त्यात आवळा पूड आणि चहाचं पाणी घालते, तिथेही हेच घडतं. म्हणजे 'हे फार जुनं आहे' हा दावा या एका कृतीपुरता टिकतो.

पण थांबा. हा ग्रंथ राजे आणि श्रीमंत नागरिकांसाठी आहे. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराचा बाराव्या शतकातला 'मानसोल्लास' अभ्यंग आणि स्नानाचं सविस्तर वर्णन करतो, तेही राजाच्या उपभोगाचं. त्यावरून शेतावर राबणारी बाई डोक्याला काय लावत होती हे सांगता येणार नाही. पुरावा जुना आहे म्हणून तो सगळ्यांचा होत नाही.

तिसरी पायरी: शब्दांचा प्रवास बघा

'शाम्पू' परका आणि 'शिकेकाई' आपली, असं आपल्याला वाटतं. पण शाम्पू हा शब्द आपल्याच 'चंपी'च्या कुळातला. पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन महंमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये ब्रायटनला वाफेची स्नानगृहं चालवली. तिथे मिळणाऱ्या मालिशला ते शाम्पूइंग म्हणत. 1822 साली त्यावर त्यांनी पुस्तकही काढलं. केस धुणं हा अर्थ त्या शब्दाला नंतर चिकटला. तसंच रिठ्याच्या प्रजातीचं शास्त्रीय नाव 'सॅपिंडस'. त्याचा अर्थ चक्क 'भारतीय साबण'.

चौथी पायरी: आजीला विचारा, पण तारीख लावून

मी आजीची रीतसर मुलाखत घेतली. तिचा जन्म 1943 चा. ती म्हणाली, न्हायचा दिवस म्हणजे पहाटे उठून शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथा कुटायचा, चुलीवर उकळायचा, गाळायचा. धुराने डोळे चुरचुरायचे, नंतर शिकेकाईने. घरात पाच बायका आणि कुटणारी सून एक. "आणि अंगाला?" मी विचारलं. "अंगाला साबण की!" ती म्हणाली.

इथे माझी कालरेषाच मोडली. 1888 साली कोलकात्याच्या बंदरात 'सनलाइट' साबणाच्या पेट्या उतरल्या होत्या. 1918 मध्ये गोदरेजनी जनावरांच्या चरबीशिवाय, वनस्पती तेलापासून साबण बाजारात आणला. आजीच्या जन्माआधीच देशात साबण विकला जाऊन पन्नासहून अधिक वर्षं झाली होती. म्हणजे 'आधी नैसर्गिक, मग केमिकल' असा सरळ क्रम तिच्या घरात नव्हताच. अंगाला साबण आणि केसांना शिकेकाई, दोन्ही एकाच न्हाणीघरात होते.

मग केसांनाच शिकेकाई का टिकली? माझं गृहीतक असं: आमच्या गावच्या विहिरीचं पाणी जड. जड पाण्यात साबणाचा चिकट साका होतो आणि तो लांब केसांत बसतो. शिकेकाईतल्या सॅपोनिनचा तसा साका होत नाही. हे अजून सिद्ध केलेलं नाही. मऊ पाण्याच्या गावांतल्या आज्यांशी बोलून तपासायचं आहे. गृहीतक असंच मांडा, म्हणजे ते चुकूही शकेल.

मुलाखत संपताना मी विचारलं, शाम्पू घरात आला तेव्हा काय वाटलं? मला वाटलं हळहळेल. ती म्हणाली, "सुटले बाई एकदाची." 'घरगुती' हा शब्द वापरताना मी पैसे मोजले होते, कुटणाऱ्या सुनेचा वेळ मोजला नव्हता. माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण आता त्या वेळेवर आहे.

आता मी काय वापरते? रविवारी वेळ असेल तर शिकेकाई, रोज साधा साबण, सादरीकरणाच्या सकाळी शाम्पू. लिंबू वरणात.

तुमच्यासाठी गृहपाठ: घरातली एक 'पूर्वापार' गोष्ट निवडा. ती कुणी केली, कोणत्या वर्षांत केली आणि तयार करायला किती वेळ लागायचा, हे तीन प्रश्न घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईला विचारा. उत्तरं तिच्याच शब्दांत, तारखेसह लिहून ठेवा. प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा ती वही जवळ ठेवा.