कोको कोणाकडून घ्यायचा?

विसाव्या शतकाच्या आरंभी चॉकलेटसाठी लागणारा बराच कोको आफ्रिकेजवळील साओ टोमे या पोर्तुगीज बेटावरून येई. तेथील मळ्यांत अंगोलातून आणलेले मजूर राबत. कागदोपत्री ते करारावर होते. प्रत्यक्षात बहुतेकांना परत जाता येत नसे. ही गुलामगिरी इंग्लंडमधील कॅडबरी कंपनीच्या कानावर १९०१ साली आली. तिची तेथील खरेदी थांबली १९०९ साली.

याच सुमारास गोल्ड कोस्ट या ब्रिटिश वसाहतीत, म्हणजे आजच्या घानात, लहान शेतकरी कोको लावत होते. कोवळ्या रोपांना सावली लागते. केळीसारख्या पिकांच्या आडोशाने ती घरच्या शेतातही मिळते. १९११ साली ही वसाहत कोको-उत्पादनात जगात पहिली आली. कॅडबरीही तिकडे वळली.

येथला शेतकरी गुलाम नव्हता. पण १९३७ साली कॅडबरीसह मोठ्या खरेदीदारांनी आपसांत करार करून भावातील स्पर्धाच मिटवली. शेतकऱ्यांनी १९३८च्या एप्रिलपर्यंत कोको रोखून धरला.

कोकोची बी कापून पाहिली, की ती नीट आंबवली आहे का, हे रंगावरून कळते. ती कोणी पिकवली आणि त्याच्या हाती काय पडले, हे मात्र त्यालाच विचारावे लागते.