मक्केच्या ओसरीतला तह

सुमात्रा बेटाचे उत्तर टोक म्हणजे आचेह. इंडोनेशियातले हाजी पूर्वी इथूनच जहाजाने पुढे जात, म्हणून या प्रांताला ‘मक्केची ओसरी’ म्हणतात. गेल्या काही दशकांत मुस्लिम जगात जे शांतता करार झाले, त्यांतला सर्वांत टिकाऊ करार बहुधा याच प्रांताचा. १५ ऑगस्ट २००५ रोजी हेलसिंकीत त्यावर सह्या झाल्या. मध्यस्थ होते फिनलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष मार्टी अहतिसारी. तेव्हापासून तिथे पुन्हा युद्ध पेटलेले नाही. हे यश मोठे आहे आणि ते मान्य करूनच पुढचे बोलायला हवे.

भांडण मजहबचे नव्हते. गोळी झाडणारा मुसलमान, गोळी खाणाराही मुसलमान. १९७१ मध्ये आचेहच्या अरुण भागात नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला. त्याचा पैसा जकार्ताला आणि परदेशी कंपनीला गेला, आचेहची गावे होती तशीच राहिली. ४ डिसेंबर १९७६ रोजी हसन दि तिरो यांनी ‘आझाद आचेह’ चळवळ उभी केली. पुढे १९८९ ते १९९८ या काळात लष्कराला जवळपास मोकळे रान होते. जवळजवळ तीस वर्षांच्या या संघर्षात सुमारे १५ हजार माणसे मेली.

२६ डिसेंबर २००४ला त्सुनामी आली. एकट्या आचेहमध्ये दीड लाखाहून अधिक लोक मेले किंवा बेपत्ता झाले. त्या दिवशी प्रांताचे गव्हर्नर अब्दुल्ला पुतेह कोठडीत होते. रशियन बनावटीच्या हेलिकॉप्टरच्या खरेदीत घोटाळा केल्याचा त्यांच्यावर आरोप होता आणि पुढे त्यांना दहा वर्षांची सजा झाली. त्याच दिवशी बांदा आचेहच्या तुरुंगात पाणी शिरले आणि एक कैदी छत फोडून निसटला. हे इरवांदी युसुफ. पेशाने जनावरांचे डॉक्टर आणि बंडखोरांचे प्रचारप्रमुख. दोन वर्षांनी, डिसेंबर २००६ मध्ये, लोकांनी याच इरवांदींना गव्हर्नर म्हणून निवडून दिले.

करारानुसार तीन हजार लढवय्ये घरी परतणार होते. त्यांनी ८४० हत्यारे जमा केली, लष्कराने बाहेरून आणलेल्या तुकड्या मागे घेतल्या. पण जंगलात पंधरा-वीस वर्षे काढलेल्या माणसाने गावात येऊन करायचे काय? त्सुनामीनंतर रस्ते, पूल, घरे बांधायला जगभरातून पैसा येत होता. कालचे कमांडर ठेकेदार झाले. ज्याची वट मोठी, त्याला कंत्राट मोठे. युद्धाच्या काळात बंडखोर खंडणी घेत, आता तीच टक्केवारी झाली. टक्केवारी म्हणजे काय, हे आपल्याला कोणी वेगळे समजावून सांगायची गरज नाही. २००८ पासून केंद्र सरकारच्या प्रांतांना द्यायच्या सर्वसाधारण निधीतले दोन टक्के विशेष स्वायत्तता निधी म्हणून दरवर्षी आचेहला मिळू लागले. एवढे होऊनही आचेह सुमात्रातल्या सर्वांत गरीब प्रांतांतच राहिला.

भ्रष्टाचार शांततेला पोखरतो, असे म्हणायची पद्धत आहे. इथे मला उलटे दिसते. काही वर्षे तरी या पैशानेच बंदूक गप्प ठेवली. हत्यार टाकणाऱ्याला हिस्सा मिळाला. ज्यांच्याकडे हत्यार कधी नव्हतेच, त्या बेवांना आणि यतीम पोरांना जे मिळाले ते तुटपुंजे. करारात सत्यशोधन आयोग आणि मानवाधिकार न्यायालय यांचा शब्द दिला होता. आयोगाचे सदस्य नेमायला २०१६ उजाडले. न्यायालय अजून झालेले नाही.

एक गोष्ट आपल्या लोकांनी नीट पाहावी. बंडखोरांनी हेलसिंकीत शरीअत मागितली नव्हती. ती जकार्तानेच त्याआधी, १९९९ आणि २००१च्या कायद्यांनी, आचेहच्या नाराजीवर उतारा म्हणून देऊ केली होती. जून २००५ मध्ये बिरूएन इथे जाहीर फटक्यांची पहिली शिक्षा झाली, ती जुगार खेळणाऱ्यांना. पुढे २०१४च्या फौजदारी कानूनात दारू, जुगार, परक्या स्त्री-पुरुषांचे एकांतात भेटणे असे सगळे आले. सरकारी तिजोरीतली खयानत आली नाही. रिश्वत देणारा आणि घेणारा दोघांवर लानत आहे, हे मकतबातले पोरही सांगेल. तरी वेताची छडी जुगाऱ्याच्याच पाठीवर पडली.

इरवांदी २०१७ मध्ये दुसऱ्यांदा गव्हर्नर झाले. जुलै २०१८ मध्ये देशाच्या भ्रष्टाचारविरोधी आयोगाने त्यांना अटक केली. त्याच विशेष स्वायत्तता निधीच्या कामांवरून लाच घेतल्याचा आरोप होता. एप्रिल २०१९ मध्ये सात वर्षांची सजा झाली. पुतेह यांना पकडणारा आयोगही हाच. त्या वेळी आचेहमध्ये गोळ्या चालत होत्या. या वेळी अटक झाली, खटला चालला, निकाल लागला आणि कोणी जंगलात गेले नाही.

२०२३ पासून तो निधी एक टक्क्यावर आला आहे आणि २०२७ पर्यंतच मिळायचा आहे. पिदी जिल्ह्यातल्या ज्या घरात लष्कर माणसांना डांबून छळत असे, त्या रुमोह गेउदोंगच्या आवारात राष्ट्राध्यक्ष जोको विदोदो जून २०२३ मध्ये आले आणि त्यांनी पीडितांसाठी मदतीची योजना जाहीर केली. त्यांच्या येण्याआधी घराचे उरलेसुरले अवशेष पाडून जागा साफ करण्यात आली होती.