हे जरा ऐका तर!

दिवाळीत फराळाचे ताट शेजारच्या घरी गेले, की ते रिकामे परत येत नाही. आपल्या चकल्यांच्या जागी त्यांच्या करंज्या येतात. गाण्यांचेही असेच आहे. एखादे गाणे मनापासून आवडले, की ते एकट्याने ऐकून माणसाचे समाधान होत नाही. 'हे जरा ऐका तर!' असे म्हणून ते दुसऱ्याच्या कानावर घालावे, तेव्हा कुठे त्याला चैन पडते. माझ्या शाळकरी वयात आमच्या आळीतून कॅसेटी अशाच घरोघर फिरत. आज माझे विद्यार्थी मोबाइलवरून एकमेकांना गाणी धाडतात. साधन बदलले, खोड तीच राहिली.

या खोडीला इतिहास आहे आणि तो वाटतो तितका किरकोळ नाही. अमेरिकेत एकाने व इंग्लंडात दुसऱ्याने केवळ या खोडीपायी आपापल्या देशातील संगीताला नवी वाट दाखवली. त्या दोघांची ही हकिगत.

पहिला हॅरी स्मिथ. अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील पोर्टलंड येथे 1923 साली त्याचा जन्म झाला. चित्रे काढणारा, चित्रपट बनवणारा आणि खिशाने बहुधा रिकामा असा हा विक्षिप्त गृहस्थ. जुन्या तबकड्या जमवण्याचा त्याला तरुणपणापासून नाद. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या त्या तबकड्यांत लाख वापरीत, आणि ती लाख मुख्यतः आपल्या हिंदुस्थानातून जाई. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या इवल्याशा किड्यांची ती करणी! दुसऱ्या महायुद्धात लाखेचा तुटवडा पडला, तेव्हा जुन्या तबकड्या गोळा करून वितळवल्या जाऊ लागल्या. जिवंत गळ्यांतली गाणी भंगाराच्या भावाने चालली. अशा वेळी स्मिथ मात्र त्या वेचून घरी आणीत होता.

पुढे नड भासली, म्हणून न्यूयॉर्कमध्ये तो आपला संग्रह विकायला मोझेस ॲश यांच्याकडे गेला. 'फोकवेज' ही छोटी ध्वनिमुद्रण संस्था चालवणारे ॲश मोठे चाणाक्ष. त्यांनी स्मिथलाच निवड करायला बसवले. 1952 साली सहा मोठ्या तबकड्यांवर 84 ध्वनिमुद्रणे बाहेर पडली. नाव होते 'अँथॉलॉजी ऑफ अमेरिकन फोक म्युझिक'. यातली बहुतेक गाणी 1927 ते 1932 या काळातील. त्याच्या थोडे आधीच आवाज नीट उतरवून घेणारी विजेची यंत्रे आली होती, आणि पुढे मंदीने लोकगीतांचा बाजारच बसवला. तेवढ्या पाच वर्षांच्या फटीतून खेड्यापाड्यांतले गळे टिकून राहिले होते.

स्मिथने आणखी एक गोष्ट केली. तोवर कंपन्या काळ्या गायकांच्या तबकड्यांची यादी वेगळी ठेवीत आणि गोऱ्या खेडुतांची वेगळी. स्मिथने दोन्ही एकत्र मांडल्या आणि कोण कोणत्या वर्णाचा, हे सांगितलेच नाही. ऐकणाऱ्याने फक्त ऐकावे! ज्या देशात बसमधल्या जागासुद्धा वर्णावरून ठरत होत्या, त्या देशात ही साधी गोष्ट नव्हती.

या संग्रहात मिसिसिपी जॉन हर्ट नावाच्या एका काळ्या गायकाची दोन गाणी होती. 1928 साली त्याने ती गायिली. तबकड्या फारशा खपल्या नाहीत, मंदी आली आणि हर्ट आपल्या ॲव्हलॉन गावी परत जाऊन शेतीच्या कामाला लागला. तिकडे न्यूयॉर्कमधली तरुण मुले त्याची गाणी गिटारवर बसवीत होती. इकडे त्याला त्याचा पत्ताही नव्हता. हा गायक केव्हाच वारला असेल, असेच कित्येकांनी धरले होते. त्याच्या दुसऱ्या एका गाण्यात त्याने आपल्या गावाचे नाव घेतले होते. तेवढ्या धाग्यावरून 1963 साली टॉम हॉस्किन्स हा एक शौकीन ॲव्हलॉनला जाऊन थडकला. म्हातारा तिथेच होता! त्याच वर्षी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात हजारोंनी त्याला डोक्यावर घेतले. 1966 साली तो गेला. पस्तीस वर्षांनी आलेल्या हाकेने त्याला अखेरची तीन वर्षे मिळवून दिली. तीन वर्षे थोडी खरी, पण ती मिळालीच नसती तर?

दुसरा गृहस्थ इंग्लंडातला जॉन पील. 1967 साली बी.बी.सी.चे 'रेडिओ वन' सुरू झाले तेव्हापासून 2004 साली मृत्यू येईपर्यंत तो तिथे नवी गाणी ऐकवीत राहिला. वादक संघटनेशी झालेल्या करारामुळे त्या काळी तबकड्या वाजवायला मोजकेच तास मिळत. उरलेला वेळ भरायला कलावंतांना स्टुडिओत बोलावून गाऊन घ्यावे लागे. इतरांना ही अडचण वाटली असेल, पण पीलने तिचा दरवाजा केला. ज्यांची एकही तबकडी निघाली नव्हती, अशी पोरेसुद्धा त्याच्या कार्यक्रमात गाऊन गेली. अशी चार हजारांवर ध्वनिमुद्रणे त्याच्या कार्यक्रमासाठी झाली.

आज ज्याला 'इंडी रॉक' म्हणतात, त्याचा मूळ अर्थ एवढाच, की मोठ्या कंपनीच्या आश्रयावाचून स्वतःच्या बळावर काढलेले संगीत. 1977 सालच्या जानेवारीत मँचेस्टरच्या 'बझकॉक्स' या चमूने 500 पौंड उसने घेऊन आपली पहिली छोटी तबकडी स्वतःच काढली. ते पाहून गावोगावच्या मुलांना धीर आला. पण तबकडी काढली तरी ती ऐकवायची कोणी? जाहिरातीला पैसा नाही, दुकानदार दारात उभा करीत नाही. मग ती पुडक्यात बांधून पीलकडे जाई.

1978 साली उत्तर आयर्लंडातील डेरी गावच्या 'अंडरटोन्स' या पाच मुलांचे 'टीनेज किक्स' हे गाणे असेच त्याच्या हाती आले. त्या गावात तेव्हा बंदुकी चालत होत्या आणि ही मुले गात होती कोवळ्या वयाच्या ओढीविषयी. पीलला ते इतके भावले, की त्याने ते रेडिओवर लागोपाठ दोनदा वाजवले. पुढे त्याच्या थडग्यावर याच गाण्यातले शब्द कोरले गेले.

या दोघांपैकी गवई एकही नव्हता. दोघेही ऐकणारे. खपेल की नाही, हे त्यांनी विचारले नाही. आपल्याला आवडले, ते इतरांच्या कानी पडावे, एवढीच तळमळ.

जाता जाता माझीही एक कबुली देतो. शाळेत असताना एका मित्राने माझ्याजवळची एक कॅसेट दोन दिवसांसाठी मागितली होती. खराब होईल, या भीतीने मी ती दिली नाही. कपाटात नीट जपून ठेवली. दोन पावसाळे गेले आणि फितीला बुरशी धरली. त्यानेही ती ऐकली नाही आणि मीही पुन्हा ऐकू शकलो नाही. आजही मुलांना काही ऐकवायला घेतले, की मला ती पांढरी पडलेली फीत आठवते.

तेव्हा वाचकहो, यंदा फराळाला कोणी घरी आले, तर त्याला एखादे न ऐकलेले गाणे ऐकवा. काय ऐकवावे सुचत नसेल, तर जॉन हर्टपासून आरंभ करा. आणि पाहुण्याने त्याच्याकडचे गाणे पुढे केले, तर नाक न मुरडता तेही ऐका.