सावज, शिकार आणि बळी



भोपाळच्या आपल्या मराठी घरांत एक वाक्य चांगलेच रुळले आहे: ‘तो फसवणुकीचा शिकार झाला.’ महाराष्ट्रातला पाहुणा ते ऐकून हसतो, कारण मराठीत शिकार स्त्रीलिंगी. हिंदीत हा शब्द पुल्लिंगी, आणि आपण पिढ्यान्‌पिढ्या हिंदीच्या अंगणात राहतो. तेव्हा लिंगाची चूक क्षम्य मानू. माझी तक्रार वेगळी आहे. या एका फारसी शब्दाने आपल्या बोलण्यातले सावज, भक्ष्य आणि बळी हे तीन शब्द मागे सारले आणि त्यांच्यातले फरकही पुसत आणले.

प्रथम सावज. संस्कृत ‘श्वापद’ म्हणजे कुत्र्यासारखे पाय असलेला, हिंस्र पशू. प्राकृतातून झिजत त्याचे सावज झाले. गुजरातीत सावज म्हणजे आजही सिंह. जुन्या मराठीत सावज म्हणजे कोणताही रानपशू. पुढे ज्याच्यावर शिकाऱ्याने नेम धरला तो. मूळचे श्वापदही आपण वापरतोच. म्हणजे एकाच शब्दाची दोन रूपे मराठीत समोरासमोर उभी आहेत: श्वापद मारते, सावज मारले जाते. भक्ष्य म्हणजे खाण्याजोगे. घर आगीच्या भक्ष्यस्थानी पडते, तेव्हा ते हलू शकत नाही. सावजाला मात्र पळता येते, प्रसंगी उलटताही येते.

ही उलटापालट आपल्या शेजारीच रंगवलेली आहे. नीमचला जन्मलेले विष्णु श्रीधर वाकणकर यांनी 1957 मध्ये आगगाडीतून जाताना भीमबेटकाचे खडक पाहिले आणि तिथल्या शैलचित्रांचा शोध लावला. त्या चित्रांत भालेवाले, धनुर्धारी शिकारी पुष्कळ आहेत. पण एका खडकावर शिंगे असलेला, रानडुकरासारखा अवाढव्य प्राणी माणसाच्या मागे लागलेला आहे आणि माणूस जीव घेऊन पळतो आहे. शिकारी कोण आणि सावज कोण, हे जातीवर नव्हे, त्या घटकेवर ठरते, हे त्या चित्रकाराला ठाऊक होते.

इतिहासातला दाखला तर खुद्द या शहराचा. 1737 च्या मार्चमध्ये बाजीराव दिल्लीच्या वेशीपर्यंत धडकून आला. त्याला माळव्यातून हुसकावण्यासाठी बादशहाने निजामुल्मुल्काला पाचारण केले. मोठी फौज आणि तोफखाना घेऊन निजाम निघाला तो शिकारी म्हणून. डिसेंबरात बाजीराव नर्मदा उतरून आला आणि निजामाने भोपाळच्या तटाचा आश्रय घेतला. बाजीरावाने तटावर धडका मारल्या नाहीत, रसद तोडली. दक्षिणेतून नासिरजंगाची कुमक येऊ नये म्हणून चिमाजीअप्पा तापीकाठी बसला. आत दाणावैरण संपत आली. शेवटी 7 जानेवारी 1738 रोजी सीहोरजवळच्या दोराह्याला निजामाने करार केला: माळवा आणि नर्मदा-चंबळेमधला मुलूख मराठ्यांना, शिवाय बादशहाकडून 50 लाख रुपये मिळवून देण्याची कबुली. सावज टिपायला आलेला स्वतःच सावज झाला.

आता बळी. ‘बळी तो कान पिळी’ या म्हणीतला बळी म्हणजे बलवान. देवापुढे दिला जातो तो बळी म्हणजे संस्कृत ‘बलि’. मुळात शब्द दोन. उच्चार मराठीत एक झाला. या दुसऱ्या बळीला तीन क्रियापदे लागतात. बळी जातो, बळी घेतला जातो, बळी दिला जातो. ‘गेला’ म्हटले की कर्ता दिसत नाही. ‘घेतला’ म्हटले की कुणी, हे विचारावे लागते. ‘दिला’ म्हटले तर कुणी आणि कशापायी, असे दोन प्रश्न उभे राहतात.

2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्रीविषयी आपण काय म्हणतो, हे आठवून पाहा. ‘हजारो लोक वायुदुर्घटनेचे शिकार झाले.’ या वाक्यात शिकार आहे, शिकारी नाही. जणू वारा आपण होऊन विषारी झाला. युनियन कार्बाइडच्या भारतीय अधिकाऱ्यांना न्यायालयाने निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरवले ते 7 जून 2010 रोजी, पंचवीस वर्षे उलटल्यावर. वाक्यात कर्ता यायला इतका काळ लागला. त्या रात्री झोपेतून उठून धावलेली माणसे सावजासारखी पळाली, हे खरे. पण त्यांच्यावर कुणी नेम धरला नव्हता. खर्च वाचवताना ती कुणाच्या हिशेबातच नव्हती. म्हणून तिथे शब्द बळीच हवा, आणि क्रियापद ‘गेले’ नव्हे, ‘दिले’.

शिकार हा शब्द टाकून द्या, असे मी म्हणत नाही. तो आपल्याकडे कितीतरी शतके आहे, आपलाच आहे. एवढेच सुचवतो: घरातले मूल ‘अमक्याचा शिकार झाला’ म्हणाले, तर लिंग दुरुस्त करण्याआधी त्याला विचारावे, ‘सावज, भक्ष्य, की बळी?’ उत्तर देताना त्याला घडलेली गोष्ट पुन्हा नीट आठवावी लागेल.