मलिक-ए-मैदान ते सायकलचा 'बीबी' : आट्यांचा इतिहास

१/
इ.स. १५४९. निजामशाहीची राजधानी अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर. येथे मुहंमद बिन हसन रूमी या कारागिराने एक अजस्र तोफ ओतली. तीच मलिक-ए-मैदान. पुढे ती परांड्यामार्गे विजापुरास गेली आणि आजही तेथील बुरुजावर आहे. तिच्या नळीचा व्यास सुमारे ७० सेंटिमीटर. त्या काळी दगडी गोळे तोफेच्या तोंडाच्या मापाने घडवावे लागत. एका तोफेचा गोळा दुसरीस चालेल, याची शाश्वती नसे.

२/
याच जिल्ह्यात आज कुणी १९९०च्या दशकातील माउंटन बाइक अडगळीतून बाहेर काढली, तर तिच्या मालकासमोर पहिला प्रश्न तोच उभा राहतो. पेडल मारताना कटकट आवाज येतो, क्रँक डावी-उजवीकडे डुलते. दुकानदार ऐकूनच सांगतो, "बीबी गेलाय." नवा बॉटम ब्रॅकेट कोणता बसेल, याचे उत्तर मात्र सांगाड्यावरच्या स्टिकरमध्ये नसते. ते सांगाड्याच्या आतल्या आट्यांमध्ये असते, आणि ते आटे बंदुकांच्या कारखान्यात ठरले.

३/
बीबी म्हणजे दोन्ही क्रँकना जोडणारा एक्सल, त्याच्या दोन बाजूंचे कप आणि मधले छर्रे. (बंदुकीतल्या गोळ्यांचाच शब्द सायकलवाल्यांनी उचलला. योगायोग असेल, पण पुढची हकिकत वाचता तो फार चपखल वाटतो.)

४/
क्रिमियन युद्धात ब्रिटिश सैन्याला बंदुका पुरवणाऱ्या बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी १८६१ मध्ये 'बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स' ही कंपनी काढली. हेतू एकच : हाताने कानशीत बसून प्रत्येक भाग जुळवण्याऐवजी अमेरिकी पद्धतीच्या यंत्रांवर असे भाग करायचे, की कोणताही भाग कोणत्याही बंदुकीस बसावा. सरकारी मागणी ओसरली की यंत्रे रिकामी पडत. १८८० पासून कंपनी सायकलीकडे वळली आणि पुढे इतर कारखान्यांना सुटे भागही विकू लागली. बोधचिन्ह तेच राहिले, एकमेकींना टेकवलेल्या तीन बंदुका.

त्या परंपरेतूनच आजचे सर्वांत प्रचलित माप आले : व्यास १.३७ इंच, दर इंचास २४ आटे. दुकानात त्याला आजही 'बीएसए थ्रेड' म्हणतात. कंपनीचा सायकल विभाग १९५७ मध्ये रॅलेच्या ताब्यात गेला. नाव मात्र भारतात टीआय सायकल्सच्या गाड्यांवर घरोघरी पोहोचले.

५/
या मापात एक खोच आहे. उजव्या बाजूचे, म्हणजे चेनकडचे, आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवले की सुटतात. कारण असे : कप किंचितही सैल असेल, तर सतत दिशा बदलणाऱ्या भारामुळे तो एक्सलच्या उलट दिशेने कणाकणाने सरकत राहतो. सरळ आट्यांचा उजवा कप त्यामुळे सैल होतो, उलट्या आट्यांचा घट्ट होतो. राइट बंधूंनी आपल्या सायकलींच्या डाव्या पेडलला उलटे आटे दिले, ते याच तर्काने.

ही गोष्ट ठाऊक नसलेल्या हातात लांब दांड्याचा पान्हा आला, की सांगाडा कायमचा जायबंदी होतो. कप पाचशे रुपयांचा असेल. आटे गेले की गाडी भंगारात.

६/
एकसारखेपणाचे हे स्वप्न राष्ट्रागणिक फुटले, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने विशेष लक्षात घ्यावे. इटलीने ३६ मिलिमीटर व्यास आणि दोन्ही बाजूंना सरळ आटे ठेवले. फ्रान्सने ३५ मिलिमीटर, तेही सरळ. नॉटिंगहॅमच्या रॅलेने तर मायदेशातच इंचाला २६ आट्यांचा वेगळा संसार थाटला. अमेरिकेत एकसंध क्रँकसाठी ५१.३ मिलिमीटरची, आटेच नसलेली नळी रुळली.

माउंटन बाइक १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात जन्मली आणि तिचे भाग जपानहून येऊ लागले, तेव्हा बर्मिंगहॅमचेच माप टिकले. शिमानो कंपनी १९२१ मध्ये साकाई शहरात सुरू झाली. सोळाव्या शतकात, मलिक-ए-मैदान ओतली जात असतानाच्या सुमारास, साकाई जपानमधील बंदूक-निर्मितीचे मोठे केंद्र बनले होते.

७/
तेव्हा जुन्या गाडीसमोर बसून काय पाहायचे? आधी क्रँक कशी बसली आहे ते. कॉटर पिन ठोकलेली असेल, तर गाडी जुन्या देशी घडणीची. तिचा एक्सल निराळा. डावी-उजवी क्रँक एकाच वाकवलेल्या सळईची असेल, तर ती अमेरिकी पद्धत. तेथे बीएसए कप घालण्याचा प्रश्नच नाही. बोल्ट काढल्यावर चौकोनी टोक दिसले, तर पुढे जावे. क्रँक पुलरने काढावी, हातोडीने नव्हे.

मग नळीची रुंदी मोजावी. माउंटन बाइकमध्ये ती बहुधा ६८ किंवा ७३ मिलिमीटर असते, आणि या पाच मिलिमीटरांना क्षमा नाही. त्यानंतर एक्सलची टोकापासून टोकापर्यंतची लांबी : ११०, ११३, ११८, १२२.५ अशी मापे मिळतात. लांबी चुकली तर चेनव्हील सांगाड्यास घासते किंवा गिअर नीट पडत नाहीत. तीन चेनव्हील असल्यास मधले सांगाड्याच्या मध्यरेषेपासून साधारण ४७.५ ते ५० मिलिमीटरवर यावे.

चौकोनी टोकाचेही दोन पंथ आहेत, जपानी आणि आयएसओ. उतार सारखाच, जाडीत बारीक फरक. पण चुकीच्या जोडीत क्रँक चार-पाच मिलिमीटर आत किंवा बाहेर बसते. माउंटन बाइकला बहुतेक वेळा जपानीच लागते.

८/
मापे जुळली की सुटे छर्रे-कप टाकून बंद कार्ट्रिज घालणे सोयीचे. आटे रॉकेलने धुवावेत, ग्रीस लावावे आणि पहिले तीन-चार वेढे केवळ बोटांनी द्यावेत, उजवीकडचे उलटे. बोटांनी न फिरणारा कप पान्ह्याने फिरवू नये. तो काढून पुन्हा सरळ धरावा.